चौदा दिवसांच्या गोळ्या

लोककथांसाठी मी वही घेऊन कागलपासून सीमाभागापर्यंत हिंडलो. पण ज्यांच्यासाठी वही उघडावी लागली नाही, अशा गोष्टी आमच्या तालमीच्या कट्ट्यावर आपोआप साचत गेल्या. त्यांतल्या बऱ्याच माझा बालमित्र बापू याच्या. खरं तर त्याच्या पोटाच्या.

*

तालमीत थंडाई एकाच पितळी तांब्यातून फिरे. एकदा जयसिंगपूरच्या पाहुण्या पैलवानाने वेगळा पेला मागितला. बापू म्हणाला, "पावणं, एका तांब्यानं पिणारी माणसं भांडत न्हाईत." पाहुण्याने निमूट तांब्या तोंडाला लावला. मी ते वाक्य मनात टिपून ठेवलं. उष्ट्याने नातं जोडण्याच्या प्रथेचा याहून नेमका दाखला मला मिळाला नव्हता.

*

नव्वदच्या दशकात बापूचं पोट दुखू लागलं. कट्ट्याने निदान केलं, तांबडा रस्सा. वस्तादांच्या मते नजर. बापूने मिरची सोडली. नेहमीच्या खानावळीत त्याने दहीभात मागितला, तेव्हा मालकाने जवळ येऊन हळूच विचारलं, "घरात कोण गेलं काय?"

*

दुर्बिणीने तपासून डॉक्टर म्हणाले, जठरात व्रण आहे आणि त्याच्या मुळाशी जंतू आहे; बहुधा लहानपणीच तोंडावाटे आलेला. एवढ्या तिखटात कुठला जंतू जगतो, असा बापूचा सवाल.

"तो जठरातल्या आम्लात जगतो. तुमच्या मिरचीला काय भिणार?"

*

चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पाचव्या दिवशी दुखणं थांबलं. कट्ट्यावर निम्म्यांना पित्त. बापूने उरलेल्या गोळ्या प्रसादासारख्या वाटून टाकल्या. पुऱ्या घ्यायच्या आहेत, असं मी म्हणून पाहिलं.

"एकट्यानं खायची आपली रीत न्हाय, मास्तर."

मग मीही दोन घेतल्या. शिवाय प्रसादावरच्या माझ्या लेखात हा प्रसंग रंगवून घातला. वाचक खूप हसले!

*

काही वर्षांनी बापूचं अंग उतरलं. जठराचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी मला समजावलं: जंतूमुळे वर्षानुवर्षं राहिलेली सूज कधी कधी इथवर येते; काही गाठींत लाळेतून पसरणारा एक विषाणूही सापडतो; आणि जंतू असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही.

गोळ्या पुऱ्या झाल्या असत्या तर, असं मी विचारलं.

"धोका कमी झाला असता. टळलाच असता, असं मी म्हणणार नाही."

या उत्तरात मला ना दोष मिळाला, ना सुटका. मग त्यांनी माझ्या पोटाची चौकशी केली.

*

माझ्याही पोटात तोच जंतू निघाला. तशाच चौदा दिवसांच्या गोळ्या. एव्हाना बापू अंथरुणाला खिळला होता. घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. त्याने निरोप धाडला, "गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या." मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या खाटेशी बसून गिळत असे. तो माझ्या गळ्याकडे बघे.

चौदाव्या संध्याकाळी शेवटची गोळी झाली. बापूने रिकामं पाकीट मागून घेतलं. अंगठ्याने एकेक खळगा दाबून पाहिला, मग माझ्याकडे बघितलं.

"एकट्यानंच खाल्लास न्हवं?"