मिठातलं शेवटचं पिंप

जपानमधल्या मिनोच्या धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर तोमिएबाईंचं मेपलच्या पानांच्या भज्यांचं दुकान होतं. ही पानं झाडावरून तोडून लगेच तळता येत नाहीत, वर्षभर पिंपात मिठाखाली मुरवावी लागतात. ते काम नवऱ्याचं, किसाबुरोचं. तो फेब्रुवारीत वारला. त्याने मुरवलेलं एकच पिंप उरलं होतं, आणि डोंगर तर शरदातल्या पानांनी लाल झाला होता, गिऱ्हाइकांचे दिवस आले होते.

सकाळी त्यांनी झाकण काढलं. वरचा थर पिवळाधमक निघाला. खाली हात घातला, तर बोटांना काळा चिखल लागला. मधल्या थरांना मीठ लागलंच नव्हतं.

"आई, गेल्या वर्षी बाबा एकेक गोष्ट विसरायला लागले होते," सून मिओ हळूच म्हणाली. "तेव्हाच दुखणं लागलं असेल."

"आणि मी सगळ्या गल्लीला सांगत होते, कामचुकार झालाय म्हणून."

मिओने पिंपावर झाकण ठेवलं.

बाहेर रांग लागली होती. पुढे उभा असलेला ओसाकाचा म्हातारा दरवर्षी पानं बघायला यायचा. किसाबुरो गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. आज भजी नाहीत म्हटल्यावर तो हसला.

"अख्ख्या डोंगराला पानं, आणि तुमच्याच कढईला नाहीत? किसाबुरोने यंदाही आळस केला वाटतं."

तोमिएबाईंनी काळे हात एप्रनमध्ये लपवले.

"त्यांनी सगळं नीट केलं होतं," त्या म्हणाल्या. "मीठ घालायला मी विसरले."

आणि त्यांनी दुकानाची फळी लावून घेतली.