अक्काची तपासणी

अक्का दरवर्षी पाटसच्या बाजूला ऊस तोडायला येते. आमचं माहेर इथून फार लांब, बीडकडच्या डोंगरात. मी आठवीत शाळा सोडली, लग्न होऊन कारेगावला आले, आता एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. हंगाम लागला की माहेरच जवळ आल्यासारखं वाटायचं. यंदा मात्र तिच्याकडे जायला पाय उचलत नव्हता.

माझ्या छातीतली गाठ काढली. मग डॉक्टरबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली आणि म्हणाल्या, हा दोष रक्तातून आलाय, आईकडून. आई अशाच गाठीनं गेली. "बहिणीचीही तपासणी करा. तिच्यात असेलच असं नाही. पण असलं तर आधी कळेल, वेळेत काही करता येईल." कॅन्टीनमधल्या बाईला इतकं समजावून कोण सांगतं? त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण अक्काला सांगायचं माझ्यावर आलं.

शेवटी सुट्टी काढून शिरूरहून एसटी धरली. उसाच्या पाचटाच्या कोपीपुढं, त्या झोपडीपुढं, अक्का भाकरी थापत होती, पलीकडं तिची लेक धुणं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. अक्का हसली.

"आगं, माझी तर पिशवी काढलीय कवाच. आता कशाचा कॅन्सर?"

आमच्याकडे कितीतरी बायकांनी गर्भाची पिशवी काढलीय. उसाच्या फडात पाळीची अडचण नको, आन् पुढं कॅन्सरची भीती नको, असंच सांगितलं होतं त्यांना. अक्का त्याच भरवशावर होती.

"अक्का, आईला गाठ छातीत होती."

तिचा हात थांबला. भाकर तव्यावर करपायला लागली.

"शाळा सोडून डाक्टरीण झालीस व्हय? हंगामात कशाला भेव घालतीस? पट्टा पडू दे, कारखाना बंद झाला की बघू. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक माणूस नसलं की तो बसून ऱ्हातो. तुझे दाजी एकटे काय तोडतील?"

मला रडू आलं. तेवढ्यात ती लेकीकडे बघत हळूच म्हणाली, "तिला बी करावी लागंल?"

"आधी तुझी. तुझ्यात न्हाई निघालं, तर तिला आपल्या आईकडनं आलेलं हे भेव उरणार न्हाई."

अक्कानं मला भाकर वाढली, करपलेली स्वतः खाल्ली.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. साखर कारखान्यात काही बिघाड झाला होता, उसाच्या गाड्या रिकाम्या होईनात म्हणून तोड बंद. "आज मोकळी हाय. कुठं यायचं सांग."

रोज कोयत्याच्या धारेशी खेळणारी माझी अक्का डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात रक्त काढायची सुई बघून तोंड फिरवून बसली. माझं मनगट तिनं इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले. "निघालं तर?" तिनं विचारलं. डॉक्टरबाईंचं उत्तर मला पाठ होतं, पण मी तिचा पदरच नीट करत बसले. मीच तिला इथवर आणलं होतं.

अजून रिपोर्ट आलेला नाही. पोळ्या लाटताना फोन वाजला, त्यावर अक्काचं नाव दिसलं, की पिठाच्या हातानंच उचलते. तिला माझी धास्ती कळते, म्हणून आधी रिपोर्टचंच बोलते.

"आजून न्हाई आलं. जेवलीस का?"