अकोल्याचा डोळा, परतवाड्याचे चाचा

"डावा कावून?" रशीदचाचा खुर्चीतून उठलेच. "मले उजव्यानं दिसत नाही, अन् तुमी डाव्यात थेंब टाकून राहिल्या!"

सिस्टरनं स्क्रीनकडे बोट दाखवलं. स्क्रीनवर डावा डोळा होता, लेन्सचा नंबरही होता. फक्त दोन्हींपैकी काहीच चाचांचं नव्हतं. माझं सॉफ्टवेअर किती छान चाललंय, हे बघायला मी मागेच उभा होतो.

आदल्या दिवशी मी डोळ्यांच्या दवाखान्याच्या अमरावती आणि अकोला, दोन्ही शाखांचा डेटा एका डेटाबेसमध्ये आणला होता. प्रत्येक पेशंटला एक आयडी असतो, म्हणजे नंबर. दोन्हीकडे तो एकपासूनच सुरू झालेला. म्हणून अकोल्याच्या पेशंटना मी नवे आयडी दिले आणि जुने कचरा समजून उडवले. तपासण्यांचं टेबल, म्हणजे तक्ता, वेगळं असतं; तिथे अकोल्याचे जुनेच आयडी राहिले. त्यामुळे अकोल्याच्या ४१२ नंबरची तपासणी अमरावतीच्या ४१२ नंबरला, म्हणजे परतवाड्याहून आलेल्या चाचांना, चिकटली.

"काउंट जुळला म्हणाला होतात ना?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"जुळला ना. एकही रेकॉर्ड हरवलं नाही."

"मग हा डोळा कोणाचा?"

त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं थांबली.

चाचांची माफी मागायला गेलो. चाचा टेलर. काय झालं ते त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि हसले. "गुंड्या पाच, काजं पाच, म्हणून काय शर्ट सरळच लागते का साहेब? भावाचं दुकान आमच्यात आणलं तवा आमाले बी नवे नंबर टाका लागले. पण जुनी चिठ्ठी कापडाले टाचूनच ठेवली. तुमी फाडली कावून?"

वीस वर्षांचा अनुभव, भिंतीवर दोन सर्टिफिकेटं, आणि मला हे टेलरनं शिकवायचं! खरंच लाज वाटली.

नशीब, बॅकअप घेण्याएवढी अक्कल शाबूत होती. त्यावरून टेबल केलं: शाखा, जुना आयडी, नवा आयडी. मग प्रत्येक तपासणी आपापल्या माणसाकडे पाठवली. सिस्टरनं कागदी फाइली वाचल्या, मी स्क्रीनशी ताडल्या. हरवलेलं रेकॉर्ड कोणीतरी शोधतं. चुकीच्या जागी नीट बसलेलं कोणी शोधत नाही, हे तेव्हा कळलं.

गुरुवारी चाचा ऑपरेशनला आले ते कपाळावर, उजव्या डोळ्याच्या वर, टेलरच्या खडूची फुली मारून.

"चाचा, आता सगळं दुरुस्त केलंय," मी म्हणालो.

"तुमच्यावर भरोसा हाये साहेब. कम्प्युटरवर बी हाये. पण डोळा तं माहा हाये ना!"