चपलेच्या आकाराचं नाट्यगृह

आमच्या कोल्हापुरातलं नवं नाट्यगृह मला डोळ्यांसमोर नको असतं. बाहेरगावचे पाहुणे त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पांढऱ्या काँक्रीटचं एकच वळलेलं छप्पर आणि पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, म्हणजे दुपारी आत भट्टी. छपराचा आकार कोल्हापुरी चपलेवरून सुचला, असं आर्किटेक्टनं उद्घाटनाआधीच्या एका भाषणात सांगितलं. चप्पल पायात घालतात, डोक्यावर नाही, हे त्याला सांगायला कुणी धजलं नाही. उलट टाळ्या पडल्या.

त्याच भाषणात तो म्हणाला, इथं रंगमंचावर कुजबुजलात तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाईल. झालं. आमच्या माणसांना तेवढंच पुरे. उद्घाटनाला नाट्यपद म्हणायला माझ्या वडिलांना बोलावलं होतं आणि समितीनं ठरवलं, माइक लावायचाच नाही, जगाला दाखवून द्यायचं.

आप्पांना आनंदच झाला. गुळाचं दुकान सांभाळून त्यांनी जन्मभर हौसेनं संगीत नाटकं केली, तीही मोकळ्या गळ्यानं. माइकला ते कुबडी म्हणत. ऐंशीच्या घरात आता कोण बोलावतंय, असं धरून बसले होते. रोज पहाटे उठून रियाज करायला लागले. "एकदा श्येवटच्या रांगंपतोर गेलं की मी मोकळा," म्हणाले.

शेवटची रांग ही आमच्या घरची जबाबदारी. आमच्याकडे गळा मागं पोचला नाही की पब्लिक "आवाज!" म्हणून ओरडतं. गाणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, तो सूर चढवतो. पण लोकांवर भरवसा नको म्हणून आप्पा घरचं एक माणूस मागं बसवत. आधी आई बसायची, ती गेल्यापासून मी.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्हा जैनांच्या रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवून, फेटा बांधून ते उभे राहिले. तोंड उघडलेलं दिसलं, हात उचललेला दिसला, ऐकू मात्र काही येईना. मऊ भिंती, मऊ खुर्च्या, मऊ गालिचा. सगळ्यांनी मिळून गाणं गिळलं. आणि लोक गप्प. एरवी थेटर डोक्यावर घेणारी आमची माणसं त्या एसीच्या थंडगार हवेत शहाण्यासारखी बसून होती. मला त्यांचाही संताप आला. मी उठून ओरडले, "आप्पा, आवाज!" काळ्या कोटातला एक जण धावत आला. "मॅडम, खाली बसा, इथं असं चालत नाही." मी पुन्हा ओरडले. आप्पा गातच राहिले.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "मागं पोचलं का गं?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "न्हाय, आप्पा."

"मग वरडली का न्हाईस?"

"वरडले की. दोनदा."

ते बाहेर बघत म्हणाले, "मला न्हाय आलं ऐकू."

"तुमचं कायबी चुकलं न्हाय. ती इमारतच भिकार हाय."

"एवढ्या शिकल्याल्या माणसांनी बांधलंय, ते कसं चुकंल? माझा गळाबी गेला आन् कानबी गेलं."

मी समजावून थकले. रियाज त्यांनी सोडला. आता घरात कुणी बोलायला लागलं की आप्पा आधी कानामागे हात नेतात. त्यांना सगळं नीट ऐकू येतं.