वेलिका मावशीचा पंप शहरात गेला

आमच्या गावात घर कायमचं सोडणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो विहिरीतला पंप काढत नाही, बागेच्या नळ्यांतलं पाणी काढत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी द्यायचंय कोणाला? मग थंडीत सगळं गोठून फुटतं. गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या नळ्या अशाच फुटल्यात, बघून डोकं फिरतं माझं.

ऑक्टोबर संपताना, संत दिमितरच्या सणाला, वेलिका मावशीचा मुलगा प्लामेन सोफियाहून गाडी घेऊन आला. आईला कायमचं न्यायचं आणि घर विकायचं, असं ठरवूनच. मावशीने त्याला सूप वाढलं आणि कुंपणावरून मला हाक मारली, "गान्चो, ट्रॅक्टर आण रे! नळ्यांत हवा सोडायचीय."

मी ट्रॅक्टरची टायर भरायची हवेची नळी तिच्या पाइपाला जोडली.

"आई, कशाला हा उपद्व्याप? तू आता इथे नसणारेस!"

"तू गप सूप पी."

टोमॅटोच्या वाफ्यातून, मिरच्यांच्या वाफ्यातून पाणी फुर्रकन उडालं. बघायला आलेल्या प्लामेनचे बूट भिजले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"झालं एकदाचं!" म्हणत त्याने तोटी करकचून बंद केली.

"अक्कल शहरात ठेवून आलास का रे?" मावशी खेकसली. "बंद तोटीत पाणी अडकतं, अन् तीच आधी फुटते. अर्धी उघडी ठेव!"

तो हलला नाही. "आणि तू? एकटी गारठलीस, पडलीस तर?" त्याचा आवाज चिरकला. पोरगा वाईट नाही, घाबरला होता.

"मी नाही फुटायची! माझ्या आत काही अडकून राहतं का? दिवसभर या गान्चोला शिव्या घालत असते."

ते मात्र खरं आहे.

मग आम्ही पंप वर ओढला. मावशीने तो पुसून जुन्या स्वेटरात गुंडाळला. दर हिवाळ्यात तो तिच्या चुलीपाशी असतो. या वेळी तिने तो गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. तिथे प्लामेनने आईसाठी उशी मांडली होती. वर मावशीने पंपाला सीटचा पट्टाही लावला.

"कोणाला तरी न्यायला आलास ना? याला ने. उबेत ठेव."

"आई!"

"मे महिन्यात, संत गेओर्गीच्या सणाला परत आण. नाही आणलास तर बादलीने पाणी घालीन, पण बाग जगवीन. मी इथून हलणार नाही. उचलून न्यायचं असेल तर ने!"

प्लामेन गाडीत बसला. मग उतरला, तोटीपाशी गेला, ती अर्धी उघडली आणि पंप घेऊन निघून गेला.