समजासर

आमचे समजासर कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. छत, पंखा, पंख्याचा हुक. मग म्हणायचे, "समजा, हा पंखा आत्ता म्हात्रेच्या डोक्यावर पडला, तर जबाबदार कोण? कॉलेज, कंत्राटदार, की पंख्याखाली बसणारी म्हात्रे?" वर्ग माझ्याकडे बघून हसायचा आणि मी मुकाट्यानं बाक बदलायची.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. वाणिज्य आणि कायदा असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम पनवेलमध्ये नवाच होता. सकाळच्या तासांना धंदा कसा वाढवायचा ते शिकायचं आणि दुपारी समजासर येऊन त्यातलं काय काय बुडू शकतं ते सांगायचे. "दोन माणसांनी आपापली भीती कागदावर लिहून काढली की त्याला करार म्हणतात," ही त्यांची व्याख्या. मी ती भाबडेपणानं परीक्षेत लिहिली आणि गुण गेले. सर म्हणाले, "परीक्षकाला कसली भीती वाटत नसेल. सुखी माणूस."

त्यांची स्कूटर सपाट रस्त्यावर उभी असली तरी चाकाखाली दगड लागायचा. बाई, म्हणजे त्यांची पत्नी, सांगायच्या, "लग्नात यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? समजा, भटजी मध्येच उठून गेले तर?" आम्ही पोटभर हसायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं आम्हाला वाटायचं. भीती म्हणजे काय, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला ते तिसऱ्या वर्षी कळलं. आमचं गाव विचुंब्याच्या बाजूला, सगळी भातशेती. "घरात वकील पायजे, न् धंदा कलनारा पन," असं म्हणत आबांनी मला या कोर्सला घातलं होतं. पण वेळ आली तेव्हा त्यांनी मला काही विचारलंच नाही. गावातलाच दामूकाका आता दामूशेठ बिल्डर झाला होता. इमारती बांधायच्या म्हणून तो घरोघर कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेत होता. एकदा ती सही झाली की जमीन विकायचासुद्धा अधिकार त्याच्या हातात जाणार होता. आबा सही करायला तयार होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी सरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

सर आले. आमच्या ओटीवर बसण्याआधी त्यांनी वासे बघितले. मग आबांना म्हणाले, "समजा, उद्या दामूशेठनं तुमची जमीन तिसऱ्यालाच विकली तर?"

"इकल कसा? आपलाच मानूस हाय तो. या पोरीच्या बारशाला जेवलाय."

"आपला माणूस असला की मला जास्त भीती वाटते. परक्याला आपण सहीआधी चार प्रश्न विचारतो तरी."

"मास्तर, तुमी निसता बुडन्याचाच बोलता," म्हणत आबा उठले. सरांचा चहा तसाच राहिला. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "हरलो गं."

पण गावात ओटीवरचं बोलणं ओटीवर राहत नाही. दोनेक दिवसांनी सरांचा तास चालू असताना दामूशेठ सरळ वर्गात आला. पांढरा सफारी, गळ्यात साखळी. मागच्या बाकावर बसत गोड आवाजात म्हणाला, "चालू द्या सर. आमी पन शिकतो जरा."

सरांच्या हातातला खडू पडला. त्यांनी तो उचलला नाही. मला वाटलं, सर आता बाहेर निघून जातील. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"समजा," ते म्हणाले, आणि आवाजच फुटेना. पुन्हा म्हणाले, "समजा, एक माणूस न विचारता वर्गात येऊन बसला. शिवी नाही, मारहाण नाही. नुसता बसला. पण शिक्षकाला भीती वाटली. गुन्हा झाला का? म्हात्रे?"

मी कशीबशी उभी राहिले. "हेतू बघावा लागेल, सर."

"तो कसा कळणार?"

"तो... तो का आला ते विचारून."

"मग विचार."

ज्यानं मला जत्रेत खांद्यावर बसवून फिरवलं होतं त्याच्याकडे मी वळले. "काका, तुम्ही इथं कशाला आलात?"

दामूशेठ हसला. "तुज्या बापासाठी, पोरी. मास्तरला सांगाला, आमच्या गावाच्या भानगडीत पडू नको. हातपाय धड हायत तवर शिकव."

"वर्गानं ऐकलं," सर म्हणाले. "सगळ्यांनी."

दामूशेठ सावकाश उठला. दारात थांबून म्हणाला, "वर्ग सुटतो, सर. मानूस घरी एकटाच जातो."

घरी मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. "माज्या पोरीच्या कालेजात गेला तो?" एवढंच बोलले. जे सरांच्या कायद्यानं झालं नव्हतं ते एवढ्यानं झालं. आबांनी सही केली नाही, आणि दामूशेठला तसं तोंडावर सांगून आले. ज्यांनी केली त्यांच्यातल्या दोघांची शेतं पुढच्या पावसाळ्याआधीच परस्पर विकली गेली होती.

सरांच्या खिडकीवर दगड आले. मग स्कूटर जळाली. इथून चला म्हणून बाईंनी अन्नपाणी सोडलं तेव्हा सरांनी राजीनामा दिला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सामान ट्रकमध्ये चढत होतं. मला रडू आवरेना. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही घाबरला नाहीत, सर."

"घाबरलो म्हणून तर तुला उभं केलं. त्याला विचारायची माझी हिंमत नव्हती," ते म्हणाले. "वर्गात सांग, सर भिऊन गेले. बदली झाली वगैरे खोटं सांगू नकोस."

तेवढ्यात आबा सायकलवरून तांदळाचं पोतं घेऊन आले. पोतं त्यांनी स्वतः ट्रकमध्ये चढवलं. मग सरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारका भ्यालेला मानूस आमच्यात एक तरी रावाला पायजे होता."

ट्रक सुटला. ते केबिनमधून हात हलवत होते, मी इकडून हलवत होते. आबा मात्र ट्रककडे बघतच नव्हते. सायकल धरून ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत उभे होते, तिकडून दामूशेठचं कुणी येतंय का ते.