ताईची निर्दोष दाढ

माझ्या थोरल्या बहिणीची एक धडधाकट दाढ मी उपटवली, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मनवेलपाड्याच्या घरात आम्ही दोघंच. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. जेवायला बसलं की ताईच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ यायची आणि थोड्या वेळानं ओसरायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून सांगितलं, दाढा ठणठणीत आहेत, लाळेच्या नळीत खडा असेल, जबड्याची सोनोग्राफी करून आणा. मी चिठ्ठी खिशात घातली. पोटुशा बायकांच्या रांगेत अठ्ठावन्न वर्षांची माझी बिनलग्नाची बहीण! बिल्डिंगमधल्या कुणी पाहिलं तर? (आमच्याकडे बातमी लिफ्टच्या आधी पोचते. लिफ्ट बंद असते, हेही खरं.)

म्हणून ताईला सांगितलं, दाढ किडलीय. नालासोपाऱ्याचे दुसरे डॉक्टर आधी एक्स-रे काढू म्हणत होते. मी म्हटलं, तिला सोसवत नाही, काढूनच टाका. दाढ निघाली. चार दिवसांनी ताई पोटभर जेवायला बसली आणि गाठ वेळेवर हजर!

आता चिठ्ठी बाहेर काढावीच लागली. सोनोग्राफी म्हणजे भरपूर पाणी, एवढं ज्ञान मला होतं. निघताना ताईला सात ग्लास पाजले.

"जबड्याला कशाला रे पानी?"

"मशीनला लागतं."

रांगेत ताई पाय आवळून बसली. तिचा चेहरा बघून एका गरोदर मुलीनं उठून तिला पंख्याखालची जागा दिली. आत डॉक्टरांनी जबड्याखाली जेल लावून यंत्र फिरवलं आणि लाळ सुटावी म्हणून लिंबाची फोड चोखायला दिली. लिंबू जिभेला लागताच ताई जी उठली, ती जेलसकट थेट बाथरूममध्ये! एवढं पाणी कुणी पाजलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पंख्याकडे बघत राहिलो.

खडा मात्र पडद्यावर स्पष्ट दिसला. तांदळाएवढा. ताईनं तो निरखून पाहिला.

"मंग माझी दाढ कशाला काढली?"

"तीही किडलेली होती, ताई."

तिनं मान डोलावली. विश्वास ठेवला.

पुढे खडा निघाला. ताई आता चांदीपला चुलतबहिणीकडे राहते. मी एकट्यापुरता कुकर लावतो, तरी भात उरतो. फोनवर ती सांगते, भाकरी एकाच बाजूनं चावावी लागते. पण भावानं वेळेवर नेलं म्हणून निभावलं, असं तिथं सगळ्यांना सांगितलंय. मी नुसतं 'हं' म्हणतो.

ताईला मी दोन वाक्यं देणं लागतो. दाढ चांगली होती. मी लोकांना घाबरलो.